कमलबाईंचं खराब रीडिंग

"कमलबाई, पाय पूर्ण सैल सोडा. आता फक्त गुडघा सरळ करा. मांडीचा मागचा भाग आवळू नका."

"नाई आवळून राहिली मॅडम."

मी स्क्रीनकडे पाहिलं. मागचा भाग आवळलेलाच होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तेव्हा अमरावतीच्या एका हॉस्पिटलमध्ये होते. इथे पेशंटची नावं मी बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं सांगते. गुडघ्याची झीज झालेल्या पेशंटच्या मांडीचे स्नायू कसे काम करतात, ते तपासायचा एक छोटा प्रोजेक्ट आमच्या डिपार्टमेंटने घेतला होता. त्यासाठी ईएमजी मशीन आणलं होतं. स्नायू काम करायला लागला की त्यात अगदी बारीक वीज तयार होते. कातडीवर चिकटवलेले इलेक्ट्रोड, म्हणजे बटणाएवढ्या चकत्या, ती पकडतात आणि स्क्रीनवर रेघ दिसते. स्नायू गप्प असला की रेघ सपाट, कामाला लागला की दाट केसाळ.

मांडीच्या पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो, मागचा दुमडतो. पुढचा काम करत असताना मागच्याने बहुतेक वेळ गप्प बसावं, ही साधारण रीत. कमलबाईंच्या स्क्रीनवर दोन्ही रेघा एकदमच दाट होत होत्या.

मला वाटलं इलेक्ट्रोड सैल झाला असेल. स्पिरिटने कातडी पुन्हा पुसली, नवे लावले. तसंच. वायर बदलली. तसंच. मग वाटलं, बाई लाजताहेत. लुगडं मांडीपर्यंत वर घेऊन परक्या खोलीत टेबलावर बसायचं म्हणजे अंग आकसणारच. मी पडदा नीट ओढला आणि पाणी दिलं. त्या दोन घोट प्यायल्या, पुन्हा पाय उचलला. रेघा तशाच.

पडद्याबाहेरून सरांनी विचारलं, "अजून किती वेळ? बाहेर पाच जण बसलेत."

सर आमचे हेड.

"सर, रीडिंग क्लीन येत नाहीये. मागचा स्नायू सोडतच नाहीत."

"इन्स्ट्रक्शन समजत नसेल त्यांना. फाइल बाजूला टाका, पुढचा पेशंट घ्या."

पुढचा पेशंट म्हणजे त्यांचे यजमान, नामदेवराव. दोघं मोर्शीकडच्या एका खेड्यातले. थोडं वावर, त्यात भाजीपाला आणि झेंडू. दोघांचेही गुडघे दुखत होते, एक्स-रे जवळजवळ सारखे, म्हणून दोघंही प्रोजेक्टमध्ये. नामदेवरावांचं रीडिंग पहिल्याच वेळेला पुस्तकात छापावं असं आलं. पुढची रेघ दाट, मागची जवळपास सपाट.

मी म्हटलं, "वा, तुम्हाला लगेच जमलं."

ते हसले. "हिले काई जमत नाई मॅडम. हिचं सगयं असंच हाये."

कमलबाई कोपऱ्यात लुगडं सारखं करत उभ्या होत्या. नामदेवरावांबरोबर मीही हसले. फार नाही, थोडंसं. पण हसले.

दोघांना व्यायामाचा एकच कागद दिला. पायाला एक किलोचं वजन बांधून पाय सरळ उचलायचा, खुर्चीवर बसून गुडघा सरळ करायचा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो, म्हणून आम्ही सगळ्यांना हेच द्यायचो. कागदात चूक काही नव्हती. नामदेवराव महिनाभराने आले तेव्हा कठडा न धरता जिना चढले. कमलबाईंचा गुडघा मात्र सुजलेला होता.

"व्यायाम करता का?"

"करून राहिली ना."

"रोज?"

"सकायी अन् सांजच्याले."

"मग फरक का नाही? यांना तर पडला."

त्यांनी मांडीच्या मागे हात ठेवला. मग म्हणाल्या, "मॅडम, मी पाय उचलते तं मांगून कोनी धरून ठेवलं असं वाटते. वर जाऊच नाई देत."

आज हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते. मशीनने जे दाखवलं होतं तेच कमलबाई शब्दांत सांगत होत्या. यापेक्षा नेमकं कुठला पेशंट सांगणार? मी म्हटलं, "तसं काही नसतं. सवय नाही म्हणून वाटतं. टाळाटाळ करू नका, नियमित करा." आणि केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं की पेशंट व्यायाम करत नाही.

पुढच्या महिन्यात नामदेवराव एकटे आले. त्यानंतर तेही आले नाहीत. बरं वाटलं की पेशंट येत नाहीत, त्यामुळे मी काही शोध घेतला नाही.

दोन वर्षांनी मी अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. तिथल्या लॅबच्या प्रमुख वैशालीताई. मुलांना ईएमजी शिकवायचं होतं. खराब रीडिंग कसं असतं ते दाखवायला मी माझ्या लॅपटॉपवरची अमरावतीच्या प्रोजेक्टची एक जुनी फाइल उघडली. नेमकी कमलबाईंची. पेशंट म्हणून नव्हे, खराब नमुना म्हणून मी ती जपली होती.

वैशालीताईंनी मान पुढे करून पाहिलं. "हे खराब का म्हणतेस?"

"दोन्ही स्नायू एकदम येताहेत. बाईंना सूचना कळली नव्हती."

"पाय उचलायच्या आधीची रेघ बघ. किती स्वच्छ आहे. इलेक्ट्रोड सैल असता तर इथेही कचरा दिसला असता. आणि लाजून अंग आवळलं असतं तर बसल्या बसल्याच रेघ दाट असती. ही तर पाय उचलल्यावरच दाट होते, दर वेळी, एकाच क्षणी. रीडिंग चांगलं आहे. तिचा गुडघाच असा काम करतोय."

त्यांनी मला समजावलं. गुडघ्यावरचा भरवसा गेला की शरीर दोन्ही बाजूंनी तो घट्ट धरून ठेवतं. एका दाराला दोघांनी दोन्हीकडून ढकलावं तसं. दार जागचं हलत नाही, पण बिजागऱ्या झिजतात. अशा पेशंटला सरळ वजन देऊन जोर लावायला सांगितलं, तर जोर दोन्हीकडून वाढण्याची भीती असते. आधी मागचा स्नायू सोडायला शिकवावं लागतं. वजन नंतर.

मग त्या म्हणाल्या, "बाकी टाकून दिलेल्या फाइल्स आहेत?"

होत्या. मी एकेक उघडत गेले. नावं वाचत गेले. जवळजवळ सगळ्या बायकांच्या होत्या.

"आणि ठेवलेल्या?"

ठेवलेल्यांत बायका मोजक्याच, त्याही नामदेवरावांसारखं रीडिंग आलेल्या. पुरुषांची रेघ जशी आली ती रीत, बायकांची तशी आली नाही की खराबी. आम्ही असं कुठे लिहून ठेवलं नव्हतं, पण वागलो तसंच. स्त्री आणि पुरुषांचे स्नायू या आजारात वेगळे वागू शकतात, हेच त्या प्रोजेक्टमधून कळण्यासारखं होतं. नेमके तेच कागद आम्ही बाजूला काढले. सगळ्याच बायकांचं असं असतं असं मी म्हणत नाही. तेवढ्या फाइल्सवरून तसं म्हणताही येणार नाही. पण प्रश्न तरी पडायला हवा होता.

मी सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "रिपोर्ट दिला आहे आपण. आता काय त्याचं?" खरंच होतं. रिपोर्ट गेला होता, त्यावर माझीही सही होती.

मग नामदेवरावांचा नंबर लावला. "ती नाई येत आता मॅडम," ते म्हणाले. "पाय बसला तिचा."

रविवारी मी अकोल्याहून एसटीने अमरावतीला गेले, तिथून मोर्शीची गाडी धरली. कमलबाई ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून झेंडूची फुलं निवडत होत्या. उठायला लागल्या. मी नको म्हटलं तरी उठल्या, भिंत धरून. उजवा गुडघा पुरता सरळ होत नव्हता. पाय अर्धवट वाकलेलाच टेकत होता.

चहा झाला. मी विचारलं, "व्यायाम कधी सोडला?"

"सोडला कुठं? आठ महिने केला." त्यांनी सुनेला हाक मारून आतून एक गाठोडं आणायला लावलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात रेती बांधलेली होती. मी हातात घेतलं. एक किलो नव्हतं ते. तीन तरी असेल.

"एवढं कशाला?"

"तुमी म्हनलं ना का मी करत नाई म्हून. मंग मी वजन वाढोलं. सकायी, दुपारी, सांजच्याले. म्हनलं, कधी नं कधी सुटन."

नामदेवराव दारात उभे होते. ते म्हणाले, "खरं हाये मॅडम. रडे, पन करे."

मी त्यांना सगळं सांगितलं. मशीनचं, रेघांचं, मागच्या स्नायूचं. तुमचं बरोबर होतं, चूक माझी होती, हेही सांगितलं. कमलबाईंनी ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत. एकच विचारलं, "तवा काहून नाई पाह्यलं?"

पाहिलं होतं. पाहून बाजूला टाकलं होतं. हे मला त्यांना सांगता आलं नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं." त्या पुन्हा फुलं निवडायला लागल्या.

त्यानंतर चार महिने मी दर दुसऱ्या रविवारी गेले. रेतीचं गाठोडं बंद केलं. मांडीच्या मागे गरम पाण्याची पिशवी, हळूहळू ताण देणं, मागचा भाग हाताने चाचपत पाय उचलणं, भिंतीशी उभं राहून भार एका पायावरून दुसऱ्यावर घेणं. महिन्याभरात मागचा स्नायू सैल सोडणं त्यांना जमायला लागलं. जमलं त्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, "हां, आता नाई धरलं कोनी." दुखणं कमी झालं. रात्री झोप लागायला लागली, अंगणात काठीशिवाय फिरतात. पण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही, आता व्यायामाने होणारही नाही. ऑपरेशनला त्या तयार नाहीत. वावरात जाणं संपलं ते संपलंच. लग्न झाल्यापासून झेंडू त्या तोडत आल्या होत्या. आता नामदेवराव तोडून आणतात.

माझ्या कागदानेच त्यांचा पाय गेला, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. झीज आधीची होती, ती वाढलीही असती. पण आठ महिने त्यांनी रडत केलेला व्यायाम माझ्या एका बोलण्यामुळे होता, एवढं नक्की. तेच मी केसपेपरवरही लिहिलं होतं; तो शेरा खोडावा म्हणून मी अमरावतीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. बंद झालेल्या केसपेपरवर काही लिहिता येत नाही, असं तिथल्या क्लार्कने सांगितलं. नियम बरोबर आहे.

आता पेशंट व्यायाम करत नाही असं लिहायच्या आधी मी त्याला माझ्यासमोर करून दाखवायला सांगते आणि हात मांडीच्या मागच्या बाजूला ठेवते. मशीन लागत नाही. पाच मिनिटं लागतात.