रबराची पारख

"सुगंधाबाईंच्या दुकानात माणूस पार्ट आणायला जातो आणि बोलणी खाऊन येतो," असे भटवाडीतले शेजारी म्हणत. कोणी म्हणे, नवऱ्याची गिरणी सुटल्यापासून ती अशी झाली. कोणी म्हणे, छे, वेंगुर्ल्याहून आली तीच अशी. पण ज्याच्या घरी मोटार, रिक्षा किंवा नुसती लूना होती, तो बोलणी खायला पुन्हा तिच्याकडेच जाई. याविषयी मात्र शेजारी काही बोलत नसत.

आग्रा रोडला लागून, अर्ध्या शटरएवढ्या रुंदीचे ते दुकान. प्लग, फॅनबेल्ट, ऑइल फिल्टर यांचे खोके छतापर्यंत रचलेले आणि त्यांच्यापुढे सुगंधा कोचरेकर. कुर्ल्याच्या एका रबराच्या कारखान्यात तिने अकरा वर्षे वायसर तपासले होते. दिवसाकाठी हजारो वायसर बोटांखालून जात आणि त्यांतला एखादा कच्चा असला की तिचा हात आपोआप थांबे. पुढे कारखाना गुजरातेत हलला, संपात नवऱ्याची, कुंडलिकची, गिरणीतली नोकरी गेली, आणि दोघांनी हे दुकान टाकले. कुंडलिक ऑपेरा हाउसच्या बाजारातून माल आणी. विकण्याचे काम तिचे. तिचा नियम एकच होता. जुना पार्ट काउंटरवर आल्याखेरीज नवा द्यायचा नाही.

हा नियम मधुकर शिराळकरांना पंच्याऐंशीच्या एप्रिलमध्ये कळला. ते बँकेत नोकरीला होते आणि आदल्या दिवाळीत त्यांनी एक जुनी फियाट घेतली होती. त्यांचे सासरे भाऊ त्यांच्याकडेच राहत. राजापूरकडच्या गावी भाऊंची थोरली बहीण रुक्मिणी अंथरुणाला खिळली होती आणि 'एकदा भावाला बघू दे' एवढेच तिचे मागणे पत्रातून आले होते. भाऊंच्या मोडलेल्या खुब्यात स्टीलची पट्टी घातलेली. एस्टीत त्यांना रात्रभर बसवणे शक्य नव्हते. मोटारीच्या मागच्या सीटवर मात्र उशा लावून त्यांना आडवे नेता आले असते. शुक्रवारी पहाटे निघायचे ठरले.

मंगळवारी गाडी अडू लागली. ब्रेकवरून पाय काढला तरी ती पुढे जाईना, आणि चाकांना हात लावला तर चटका बसे. बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि गाडी कशीबशी दादूच्या गॅरेजपर्यंत आणली. दादूने ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघडून पाहिला आणि म्हणाला, "आतली रबरी वाटी गेली, साहेब. एक किट आणा, तासाभरात गाडी देतो."

मधुकरराव दुकानात गेले. सुगंधाबाईंनी त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिले.

"जुनी वाटी कुठाय?"

"ती गॅरेजमध्ये आहे. फियाटची म्हटलं की समजेल ना तुम्हाला?"

"फियाट समजली. तिला झालंय काय ते कसं समजणार? जा, घेऊन या."

भर उन्हात ते परत गेले आणि काळपट वाटी कागदात गुंडाळून घेऊन आले. बाईंनी ती पुसली, दोन बोटांत दाबली आणि नव्या वाटीशेजारी ठेवली. जुनी वाटी नवीहून चांगली मोठी दिसत होती.

"झिजलेलं रबर लहान होतं, साहेब. हे फुगलंय. ब्रेकच्या डब्यात काय ओतलंत?"

"ब्रेक ऑइल," मधुकरराव म्हणाले. पण आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

बाईंनी वाटी नाकाशी नेली. "पुन्हा सांगा."

शेजारी क्लच वायरसाठी उभा असलेला रिक्षावाला हसला. "साहेब, गोडेतेल तर नाही ना ओतलं? वहिनींनी डबा शोधला असेल घरी!"

मधुकररावांनी मान खाली घातली. सांगलीकडच्या त्यांच्या गावी वडील एकाच डब्यातले तेल विहिरीवरच्या इंजिनाला, शिवणाच्या यंत्राला आणि कुरकुरणाऱ्या दाराला घालीत. पंधरा दिवसांपूर्वी ब्रेकचे तेल खाली गेलेले दिसले, तेव्हा त्यांनी घरातले इंजिन ऑइल त्यात भरले होते. बी. कॉम. झालेल्या माणसाला याबद्दल कोणाला विचारावेसेही वाटले नव्हते. हे सर्व त्यांनी हळू आवाजात सांगितले.

"ते तेल या रबराचा वैरी," बाई म्हणाल्या. "रबर फुगतं, मग मऊ पडतं, मग त्याचे तुकडे निघतात. आता ते चारी चाकांपर्यंत पोचलंय. नुसतं हे किट मी देणार नाही. चारी चाकांची रबरं घ्या, होज पाइप घ्या, आणि आतून सगळं धुवून घ्या."

"दादू तर एकच किट म्हणाला."

"मग दादूकडूनच घ्या."

मधुकररावांच्या मनात शंका आली. चुकी कबूल केली म्हणून ही बाई निम्मे दुकान गळ्यात बांधते आहे की काय? ते रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने "ओरिजिनल देऊ की साधं?" एवढेच विचारले आणि क्षणात खोका पुढे सरकवला. त्याने ना वाटी पाहिली, ना काही चौकशी केली. खोका हातात घेऊन मधुकरराव उभे राहिले. त्यांना वाटेतल्या कशेडी घाटाचा उतार दिसला आणि मागच्या सीटवर उशांना टेकलेले भाऊ दिसले. त्यांनी खोका परत ठेवला आणि पुन्हा रस्ता ओलांडला. सासऱ्यांना बहिणीच्या भेटीला शुक्रवारी राजापूरकडे न्यायचे आहे, हे त्यांनी बाईंना सांगितले.

सुगंधाबाईंनी खोके खाली काढले. एकेक रबर खोक्यातून काढून, बोटांनी दाबून त्या बाजूला ठेवू लागल्या. दोन रबरे त्यांनी परत टाकली. "ही जुन्या मालातली. तुम्हाला घाट उतरायचाय." ब्रेक ऑइलचा मोठा, निम्मा भरलेला डबा फळीवर होता. मधुकररावांनी त्याकडे बोट दाखवताच त्या म्हणाल्या, "उघडा डबा हवेतलं पाणी ओढतो. हे सीलबंद लहान डबे न्या. उरेल ते ठेवू नका."

दुपारी कुंडलिकला काउंटरवर बसवून त्या स्वतः गॅरेजमध्ये आल्या आणि एका उलट्या खोक्यावर बसल्या.

"वहिनी, माझ्यावर भरवसा नाय काय?" दादू कुरकुरला.

"तुझ्यावर आहे रे. तुझ्या तासाभरावर नाय. मागची चाकं खोल."

दादूने मागचे डावे चाक उघडले. आतले रबर त्याने चिमटीत धरले तर त्याचा तुकडा हातात आला. होज पाइप कापून पाहिला. आत सुई जाईल एवढीच वाट उरली होती. दादूने तो तुकडा मधुकररावांच्या तळहातावर ठेवला. "साहेब, नुसतं किट टाकून मी तुम्हाला शुक्रवारी पाठवला असता," तो म्हणाला. "देवाशपथ पाठवला असता."

बाईंनी मात्र दोघांपैकी कोणालाही काही सुनावले नाही. सगळ्या नळ्या स्पिरिटने धुऊन होईपर्यंत, नवे तेल भरून चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून होईपर्यंत त्या तिथेच बसल्या होत्या. शेवटी त्यांनी स्वतः पेडल दाबून पाहिले, पदर झटकला आणि त्या निघून गेल्या.

शुक्रवारी कशेडी उतरताना मधुकररावांचा पाय प्रत्येक वळणावर ब्रेकवर गेला आणि प्रत्येक वेळी गाडीने ऐकले. मागे भाऊ झोपले होते. मधुकररावांची बायको शुभा वडिलांच्या उशा सावरत होती. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. सुगंधाबाई दुकानात तोंडावर बोलत, पण तिथले बोलणे लोकांच्या घरापर्यंत नेत नसत, हेही मधुकररावांच्या तेव्हाच ध्यानात आले.

भाऊ पाच दिवस बहिणीच्या खाटेशी बसले. ती त्यांना अजून 'बाळू' म्हणे. तिने त्यांच्या हातून पेज घेतली, लहानपणच्या एका भांडणाचा निकाल आपल्या बाजूने लावून घेतला आणि निघताना त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. मुंबईला परतल्यावर नवव्या दिवशी ती गेल्याची तार आली. भाऊ रडले, पण पुष्कळ वेळ नाही. "भेट झाली," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधुकरराव दुकानात गेले. आभाराची दोन-तीन नीटस वाक्ये त्यांनी वाटेत मनाशी जुळवली होती. एरवी कोणापुढे मन मोकळे करण्याची त्यांना सवय नव्हती. "सुगंधाबाई, तुमच्यामुळे दोन म्हाताऱ्या माणसांना पाच दिवस मिळाले. हे उपकार मी—" इथवर आले आणि पुढचे वाक्य आठवेना. त्यांनी हात जोडले.

सुगंधाबाईंनी हातातला प्लग खाली ठेवला. क्षणभर त्यांनी मधुकररावांकडे नीट पाहिले आणि मग मुंबईची भाषा बाजूला सारून त्या आपल्या मालवणीत म्हणाल्या, "भैन भेटली मां त्येंका? मगे झाला. आता बाजूक सरा, तुमच्या पाठसून गिरायक उभा आसा."