अठरा जणांची एक छाती

"फोटोचं टेन्शन घेऊ नगा, मी हाय की," असं म्हणत मामा शर्टाची वरची बटणं काढायचे. समोर डॉक्टर असो वा नसो.

परभणीजवळच्या सिमेंट पत्र्याच्या कारखान्यात मी हजेरी कारकून होतो. त्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टस असतं आणि त्याच्या धुळीनं कॅन्सर होतो. म्हणून दरवर्षी प्रत्येक कामगाराच्या छातीचा फोटो काढायचा, डाग निघाला तर माणसाला धुळीतून हलवायचं, असा केंद्राचा नियम. हलवायचं म्हणजे घरी बसवायचं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. नियम पुढं वाचायची तसदी कुणी घेतली नाही. मीही नाही, आणि त्याची प्रत माझ्याच टेबलात होती.

यावर तोडगा म्हणजे मामा. पोखर्णीकडचे, ऊसतोड सोडून आलेले, भरल्या छातीचे. तपासणीची गाडी आली की धुळीतल्या बाकी अठरा जणांच्या नावानं एकटे मामा आत जायचे, दर वेळी त्या त्या माणसाचा शर्ट घालून. किसन लंगडा, म्हणून त्याच्या नावानं जाताना लंगडायचेसुद्धा.

"मामा, फोटो छातीचा काढतात, पायाचा नाही."

"करायचं तर नीट करावं, साहेब."

फोटो काढणारे गृहस्थ मोबाइलमधून मान वर काढत नसत.

मामांचा स्वतःचा नंबर शेवटी. तोवर ते कंटाळून जायचे. "अठरा बार बघितली की. आता काय ऱ्हायलंय बघायचं?" मलाही ते पटायचं. मी त्यांच्या कागदावर 'ठणठणीत' लिहून मोकळा व्हायचो.

मग एका वर्षी अठराही फोटोंत डाग निघाला. उजवीकडे, एकाच जागी, एकाच मापाचा.

"तुमच्याकडची धूळ लई शिस्तीची दिसते," तपासणीचे डॉक्टर म्हणाले आणि अठरा जणांना धुळीतून हलवलं. गेटवर, बागेत, पॅकिंगला. पगार तोच! तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. फेरतपासणीला मोठ्या दवाखान्यात ज्याला त्याला आपापली छाती न्यावी लागली. तिघांना खरंच डाग निघाला, पण वेळेत.

मामा मात्र कागदोपत्री ठणठणीत. पत्रे कापायच्या मशीनवर आता तेच.

"मी मॅनेजरसाहेबांना खरं सांगतो," मी म्हणालो.

"गप बसा. अठरा घरं हायेत. तिघं वाचले न्हवं?" एवढं बोलतानाही त्यांना दोनदा थांबावं लागलं.

मी गप बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

मामा गेले त्याच्या आठवडाभर आधी त्यांच्या मालकीणबाई कारखान्यात आल्या. दवाखान्यानं जुना फोटो मागितला होता. मी कपाट उघडलं. मामांच्या नावाचा एकही फोटो नव्हता. खाली मान घालून किसनच्या नावाचा एक काढून दिला.

बाईंनी तो खिडकीच्या उजेडाला धरला, बराच वेळ.

"नाव दुसऱ्याचं हाय," त्या म्हणाल्या, "पर उसाच्या मोळीखाली मोडलेली ही बरगडी आमच्याच माणसाची हाय."