सलूनवाल्याचं कासव

सलूनमध्ये खुर्च्या तीन होत्या, पण कात्री एकाच माणसाच्या हातात. उरलेल्या दोन खुर्च्यांवर केस कापून झालेली माणसं बसायची, आणि ज्यांना केस कापायचेच नव्हते तीही. यायची ती त्याचं बोलणं ऐकायला. सगळे त्याला रेडिओ म्हणायचे. गालांना फेस लागला की समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही, ही आपल्या धंद्यातली खरी कमाई, असं तो स्वतःच सांगायचा.

हाच माणूस घरी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. भावाबहिणीचं दोघांचंही लग्न राहून गेलेलं, त्यामुळे घरात तो आणि त्याची थोरली बहीण एवढीच माणसं. ताई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरी करून निवृत्त झाली होती. संध्याकाळी ती विचारायची, "वाढू?" तो म्हणायचा, "वाढ." मग "अजून?" आणि "नको." बोलणं संपलं. त्याचा तिच्यावर राग नव्हता. दिवसभरात जबडाच इतका शिणायचा की घरी आल्यावर तो हलवायचं जिवावर यायचं.

एक दिवस त्याचं जुनं गिऱ्हाईक, बँकेतला कारकून, हातात प्लास्टिकचा डबा घेऊन आला. त्याची बदली झाली होती. मुलीच्या हट्टापायी आठवड्यापूर्वीच घेतलेलं पाणकासवाचं पिल्लू डब्यात होतं. लांबच्या प्रवासात ते टिकलं नसतं.

"तुमच्याकडे माणसांचा राबता," कारकून म्हणाला. "करमेल त्याला."

रेडिओने डब्यात डोकावून पाहिलं. कोटाच्या बटणाएवढं हिरवं पिल्लू, आणि टाचणीच्या डोक्याएवढे दोन डोळे. त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून "ठेवा" असं बाहेर पडलं.

काचेचं भांडं आलं, आरशाखाली पावडरच्या डब्यांशेजारी बसलं. रेडिओने पिल्लाला दुकानाची सगळी कहाणी ऐकवायला सुरुवात केली. पिल्लाने मान आत घेतली ती घेतलीच. सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाला पाव घाला, दुसरा म्हणाला भात. रोज येऊन बसणाऱ्या पेन्शनर काकांनी तर स्वतःच्या डब्यातली काकडी किसून आणली. पिल्लू कशालाच तोंड लावेना. भांड्यात एका कोपऱ्याला डोळे मिटून पडून राहायचं. रेडिओचं लक्ष उडालं. एका गिऱ्हाइकाची डावी मिशी उजवीपेक्षा आखूड झाली, तेव्हा त्याने दुकानाला कुलूप घातलं आणि भांडं पोटाशी धरून प्राण्यांची डॉक्टरीण गाठली.

डॉक्टरणीने पिल्लू तळहातावर घेतलं, पोटाकडून पाहिलं, मग भांड्यात नजर टाकली.

"पाण्यात हे काय तरंगतंय?"

"केस."

"कोणाचे?"

"सकाळपासून आलेल्या सगळ्यांचेच म्हणायचे."

ती हसली नाही. "याला भूक नाही असं नाही हो. गारठलंय ते. अंगात ऊब नसली की कासवाला अन्न पचत नाही, म्हणून ते खातच नाही. पाणी किंचित कोमट हवं. वर चढून अंग कोरडं करायला दगड हवा, दगडावर उबेचा दिवा. शिवाय उन्हासारखा उजेड देणारा वेगळा दिवा मिळतो तो लावा, नाहीतर कवच मऊ पडेल. खाणं पाण्यातच घाला, कोरड्यावर त्याला गिळता येत नाही. हात लावलात तर साबणाने धुवा. आणि मुख्य म्हणजे, त्या दुकानातून आधी हलवा त्याला."

"मग मी दिवसभर काय..." तो म्हणाला आणि भांडं पुन्हा पोटाशी धरलं.

भांडं घरी आलं तेव्हा ताई डाळ निवडत होती. तिने चष्मा वर करून पाहिलं.

"हे काय आणलंस?"

त्याला उत्तर द्यावंच लागलं. कारकून, बदली, काकडी, मिशी, डॉक्टरीण, सगळं ओळीने सांगितलं. ताईच्या हातातली डाळ तशीच राहिली. मिशीच्या जागी ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"खात नाही म्हणून एवढा घाबरलास होय? अरे, नव्या जागी आलेला पेशंटही आधी ताट परतच पाठवतो. त्याच्या उशाशी बसून राहिलं तर चालत नाही. ताट ठेवायचं आणि आपण आपल्या कामाला लागायचं."

दोघांनी मिळून खिडकीजवळची जागा केली. सपाट दगड सापडला, दिवे आले, पाणी तापवणारी छोटी कांडी आली, कासवाच्या खाण्याचे दाणे आले. दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओला दुकानात राहवेना. इतकी वर्षं तो डबा तिथेच खायचा, पण त्या दिवशी दार ओढून घेतलं आणि धावत घरी आला. ताई दारातच तोंडावर बोट ठेवून उभी होती.

पिल्लू दगडावर चढलं होतं. मागचे दोन्ही पाय लांब सोडून, मान ताणून, दिव्याखाली निवांत पसरलं होतं. थोड्या वेळाने पाण्यात घसरलं, तरंगणाऱ्या बारीक दाण्यापाशी गेलं, त्याला नाक लावलं, मागे सरलं, आणि झडप घालून गट्ट केलं.

"खाल्लं!" दोघंही एकदम ओरडली. पिल्लू दचकून तळाशी गेलं.

"हळू की रे, रेडिओ," ताई कुजबुजली. तिच्या तोंडून हे नाव त्याने पहिल्यांदाच ऐकलं. तिलाही ते ठाऊक आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानंतर दुपारी दुकान बंद राहू लागलं. गिऱ्हाइकांनी आधी कुरकुर केली, मग त्या हिशेबाने यायला लागली. पिल्लाला आता दोघंही बटण म्हणायची. घरी पाय ठेवताच ताई बातम्या द्यायची. बटण आज दगडावरून दोनदा पडलं. बटणाने पानाचा तुकडा ओढून नेला. बटण माझा हात ओळखतं, तुझा नाही. हे शेवटचं त्याला झोंबायचं, कारण ते खरं होतं. मग तोही दुकानातलं काही सांगायचा. तिथे पूर्वीपेक्षा थोडं कमी बोलायचा, म्हणजे घरासाठी काही शिल्लक राहायचं. पेन्शनर काकांनी एकदा विचारलंच, "काय रे, घसा बसलाय का?"

"नाही काका, वाटून देतोय," तो म्हणाला.

कवच टणक झालं. वर्ष उलटायच्या आत बटण तळहाताएवढं झालं आणि भांड्यात वळताना त्याचं नाक काचेला आपटायला लागलं. मोठी टाकी घ्यायची ठरली, पण ठेवायची कुठे? ताईने खोलीभर नजर फिरवली आणि आईच्या काळातलं, दार न लागणारं कपाट दाखवलं. "ते काढ. त्यात तुझे न होणारे शर्ट सोडून आहे काय?"

टाकी जिन्यावरून चढवायला पेन्शनर काका आणि अर्धी दाढी झालेला एक टेलर आले. काका वरून सूचना देत होते आणि वजन टेलर उचलत होता. पाणी भरलं, दिवे लागले, बटण आत सोडलं. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहलं, वळलं, पुन्हा पोहलं. कुठेही न आपटता.

"अहो, माझी दाढी..." टेलर म्हणाला.

"बसा हो जरा," रेडिओ म्हणाला. ताई चहाचे कप घेऊन आली आणि चौघंही टाकीसमोर बसली.