शेवग्याच्या पाल्याची वळकटी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाला रस्त्याचं काम निघालं, तेव्हा घरातली कामं मी एका संध्याकाळीच वाटून टाकली. नवरा आणि दीर मातीकामावर. जनावरं, स्वयंपाक आणि लांबच्या विहिरीचं पाणी माझ्याकडे. धाकटी जाऊ पोटुशी होती; तिला बसून करता येईल असं एकच काम होतं, खडी फोडण्याचं. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. हे दुसरं जगवायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

त्यासाठी तिच्या पोटात नीट अन्न जायला हवं होतं. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना कडेनं फाटायची आणि थंड झाली की घशाखाली उतरायची नाही. मी करून करून रीत बसवली. उकळत्या पाण्यात मीठ आणि पीठ घालायचं, वाफ मुरू द्यायची, मग भरपूर मळायचं. भाकरी पातळ थापायची. परसातल्या शेवग्याचा पाला तेवढा हिरवा होता. तो कांद्यावर परतायचा, भिजवलेली मूगडाळ घालायची, वर कारळाची चटणी. भाकरी गरम असतानाच त्यावर हे पसरून घट्ट गुंडाळायची आणि ओल्या फडक्यात बांधायची. तशा दोन वळकट्या मी रोज जावेबरोबर देत असे.

पण ती वाळतच चालली. शेवटी एका दुपारी पाणी भरायचं सोडून मी तिच्या कामावर गेले.

जेवणाची सुट्टी झाली होती. बाया बाभळीखाली गोल करून बसल्या होत्या. मधे एक धडपं अंथरलेलं, त्यावर सगळ्यांच्या भाकरी एकत्र. कामावरची ती रीतच होती. बहुतेकींच्या भाकरीबरोबर नुसतं मीठ-मिरची.

"काढ की गं तुझी वळकटी," एक म्हातारी जावेला म्हणाली. "का आज त्यावर निजायलीस?"

सगळ्या हसल्या. जाऊही हसली. तिनं फडकं सोडलं, दोन्ही भाकऱ्यांचे तुकडे केले आणि वाटले. तिच्या हाती एक तुकडा उरला.

रात्री मी तिला म्हणाले, "बाजूला बसून खात जा."

"लोकांसमोर एकटीनं कसं खावं, आक्का? त्या बाया काय खायल्यात ते तुमी बघितलं न्हाई का?"

सकाळी घरून खाऊन जा म्हटलं, तर सकाळी तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. जास्त करून द्याव्यात, तर पीठ तेवढंच. तेव्हा मी त्या म्हातारीला गाठलं आणि सरळ सांगितलं, की पोरीच्या पोटात लेकरू आहे, तिचं तिला खाऊ द्या.

म्हातारी कावरीबावरी झाली. "आगं बाई, बोलली न्हाई की ती! आता हात लावायच्या न्हाईत आमी."

त्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी जावेनं दोन्ही वळकट्या जशाच्या तशा परत आणल्या.

"त्या समद्या तिकडं तोंड करून बसल्या, आक्का. मी खावं म्हणून. वाळीत टाकल्यागत झालं. घास फिरायला लागला तोंडात."

असं चार-सहा दिवस चाललं. मग ती आपणहून पुन्हा गोलात जाऊन बसली आणि एक तुकडा खाऊ लागली. एक तुकडा तरी पोटात जात होता.

सातव्या महिन्यात ती घरीच बाळंत झाली. मुलगी होती. रडली, पण आवाज फार बारीक. दिवस मावळायच्या आत ती गेली.

विटाळाचे दिवस संपताच जावेनं पुन्हा कामाची पाटी उचलली. निघताना चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "आक्का, वळकट्या करताव का? बायांनी इचारलंय."

मी आधण ठेवलं. पीठ घातलं, मळलं, थापलं. हात सगळं बरोबर करत होते. हे कुणासाठी करते आहे, ते मला सांगता आलं नसतं. माझ्याजवळ यापेक्षा वेगळं करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.