लाभ, दोन, तीन

२०१९ साल. केळुसकर सर त्या वर्षी संक्रांत झाल्यावर गेले आणि होळीच्या सुमारास, भर दुपारी, मला भेटायला आले.

जेवण झालंय. मी खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसलेय. मांडीवर सरांनीच दिलेलं पितळी चिपटं, धान्य मोजायचं जुनं माप, आहे. एरवी त्यात पेनं असतात. चिंच लावून घासावं म्हणून रिकामं केलं आणि तेवढ्यात डोळे जड झाले. टेबलावर लॅपटॉप उघडा आहे आणि त्यावर नसीमचा निरोप: ‘बाई, उद्यापर्यंत कळवा. जुनी मापं गाभ्यात ठेवायची की बाहेर काढायची?’

नसीम मुजावर आमची दोघांची विद्यार्थिनी. कराडच्या शाळेत सर तिला भौतिकशास्त्र शिकवायचे, मी गणित. पुढे ती इंजिनिअर झाली आणि आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर तिनं आम्हाला कामाला लावलं. डोंगरातल्या बायका धान्य बँक चालवतात. अडीनडीला कुणी नाचणी उचलते, सुगी झाली की परत घालते. त्याच्या नोंदीसाठी आम्ही ‘कोठार’ नावाचा प्रोग्रॅम बांधला. कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा असा. ‘जुनी मापं’ हे त्याच्या गाभ्यातलं, म्हणजे प्रत्येकाला आपोआप मिळणारं, एक पॅकेज. पायली, शेर, मापटं, चिपटं यांचे किलो करून देणारं. पायली गावागणिक वेगळी, म्हणून सर तागडी घेऊन गावोगाव हिंडले होते.

धान्य मोजताना आपल्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन. पॅकेजनंही तसंच मोजावं हा हट्ट माझा. संगणकाला तिथे आकडा लागतो. शब्द आला की तो अडतो. आणि गाभ्यातलं एक पॅकेज जरी अडलं तरी सगळ्या कोठाराची नवी आवृत्ती निघायची नाही, हा आमचा नियम. मग दर आवृत्तीला सर बसून ते दुरुस्त करायचे आणि त्याआधी मला फोन करायचे. “बाई, तुमचा लाभ पुन्हा आडवा आला.”

शेवटच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती. पडद्याला नाक लावून काम करायचे. नसीम म्हणायची, बाहेर काढू, ज्याला हवं तो वेगळं घेईल. मी म्हणायचे, एकदा घराबाहेर ठेवलं की आठवण कोण ठेवतं? सर दोघींचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “बाई म्हणतायत ना, मग राहू दे.”

“बाई, झोपलात?”

“नाही हो. डोळे मिटलेत नुसते.”

सर दारात उभे आहेत. तपकिरी स्वेटर, पाय अनवाणी.

“आत या. बसा.”

“बसायला कुठला वेळ? आवृत्ती अडलीय.”

ते स्वयंपाकघराकडे वळतात. मी मागोमाग जाते, तर आमच्या शाळेची प्रयोगशाळा. लांब काळं टेबल, स्पिरिटच्या दिव्याचा वास. टेबलावर नाचणीचा ढीग. सर त्यात चिपटं बुडवतात, भरतात, म्हणतात, “लाभ.” ओतून टाकतात. पुन्हा भरतात. “लाभ.” पुन्हा.

“सर, पुढे मोजा की.”

“पुढे जातच नाही. पहिल्यालाच अडतंय.”

ते इतके वाकलेत की पापण्यांना नाचणी चिकटलीय.

“चष्मा कुठे तुमचा?”

“घरी राहिला. निघताना चष्मा बरोबर देत नाहीत कुणाच्या.” स्वतःच्याच विनोदावर सर हसतात. स्टाफरूममध्ये हसायचे तसेच, आवाज न करता, खांदे हलवत.

“चहा टाकू?”

“तुम्हाला काही बोलायचं असलं की तुम्ही चहा टाकता, बाई. बोला.”

मला म्हणायचं आहे, पुरे झालं, सोडा ते. तोंडातून येतं, “नसीम विचारत होती तुम्हाला.”

“नसीम मला कशाला विचारेल? ती तुम्हाला विचारतेय.”

टेबलावर पोती रचलेली आहेत. टेबल नाहीच, ही घोटेवाडीच्या धान्य बँकेची खोली. शेणानं सारवलेली जमीन, भिंतीत हवेसाठी भोकं. हौसाबाई शेलार पदर खोचून उभी आहे. बँकेची किल्ली पहिल्यापासून तिच्याच कमरेला. जुन्या मापांवर अडून बसलेलं शेवटचं गाव तिचं. निदान मी तरी नसीमला कायम असं सांगत आले.

“मास्तर, आवं अजून त्येच करताय व्हय?”

“काय करणार हौसाबाई? बाईंचा हुकूम.”

“आमच्याकडं काटा आलाय न्हवं. बघा की, लाल आकडं दावतोय.”

ती एक पोतं उचलून काट्यावर टाकते आणि म्हणते, “लाभ.” काटा खुशाल किलो दाखवतो. काही अडत नाही. दुसरं पोतं टाकते. “दोन.”

सर माझ्याकडे वळतात. वर्गात फळ्याकडे तोंड असलं तरी शेवटच्या बाकावर कोण बोलतंय हे त्यांना कळायचं, तसे.

“बाई, ह्यांना कधी विचारलं होतं आपण?”

“नसीमनं डाउनलोड मोजले होते.”

“तिनं मोजले. आपण काय केलं?”

“आपण भांडलो.”

“तुम्ही भांडलात. मी दुरुस्त करत बसलो.”

ते रागानं म्हणत नाहीत. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

चिपटं आता माझ्यासमोर आहे, काठोकाठ भरलेलं, वर नाचणीची शीग.

“हात फिरवा,” सर म्हणतात. “सपाट केलंत की झालं. मी केलं असतं, पण ठेवा म्हणणाऱ्या तुम्ही.”

“डोळे फार दुखायचे का हो?”

“दुखायचे.”

“मग मला सांगायचं नाही? मी तेव्हाच काढा म्हटलं असतं.”

“म्हणून तर नाही सांगितलं.” ते पापणीवरचा दाणा बोटानं टिपतात. “फोन कशासाठी केला असता मग?”

हौसाबाई पोती उचलायची थांबलीय. मी तळहात चिपट्यावर ठेवते आणि फिरवते. शीग घरंगळते, जमिनीवर बारीक आवाज होत राहतो.

आवाज पेनांचा आहे. माझा पाय लागून टेबलाच्या कडेवरची पेनं फरशीवर पडलीत. खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलंय. मांडीवरच्या चिपट्यावर माझा उजवा हात पालथा दाबलेला आहे. उचलून बघते, तर तळहातावर काठाचा गोल वळ उमटलेला. बांगडी रुतावी तसा, लालभडक.

मी आधी हौसाबाईला फोन लावला.

“काटा घेऊन दोन वर्सं झाली की, बाई. तुमच्या त्या मापाचं आमी कवाच बंद केलं.”

“मग पहिल्या पोत्याला काय म्हणता?”

“लाभ. आन् दुसरं काय म्हणायचं असतंय?”

जणू मी तिला तिचंच नाव विचारलंय, असा तिचा आवाज. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत किती आवृत्त्या निघाल्या ते मी मोजलं नाही. नसीमला लिहिलं, ‘बाहेर काढ.’ टाइप करताना तळहातावरचा वळ अजून गेला नव्हता.

पुढची आवृत्ती न अडता निघाली. नसीम आता पुण्यात असते, कोठार तीच बघते, आणि मला दिवाळीला न चुकता करंज्या पाठवते. तिनं ‘जुनी मापं’ वेगळं ठेवलंय, सरांचं नाव घालून. कुणी घेत नाही. हौसाबाईनं बँकेची किल्ली सुनेकडे दिली आणि परवाच्या वर्षी ती स्वतःही गेली. सून काट्याशेजारी उभी राहून काय म्हणते ते मी फोन करून विचारलं. लाभच म्हणते. सरांचं घर विकलं गेलं. त्यांची तागडी माझ्याकडे आहे, आणि पेनं पुन्हा चिपट्यात.

सर मात्र परत आले नाहीत. सुटले असावेत. दुपारी आरामखुर्चीत डोळा लागायला लागला की मी अजूनही फोन जवळ घेऊन बसते, आणि कधी कधी वाटतं, निदान एक आवृत्ती आणखी अडायला हवी होती.