कांद्याच्या दाराशी क्लेम पास्को

आमच्या वुराबी गावाचं नाटकगृह कांद्याच्या पोटात आहे. कांदा फायबरग्लासचा, चार मजली, वर हिरवी पात फुटलेली. हमरस्त्यावरच्या प्रत्येक गावाने एके काळी काहीतरी अवाढव्य बांधायचं मनावर घेतलं होतं, म्हणजे शहराकडे पळणाऱ्या मोटारी घटकाभर थांबतील. शेजारच्यांनी मेंढी बांधली. त्यांच्या शेजारच्यांनी कोळंबी बांधली, समुद्र तिथून दिवसभराच्या वाटेवर असताना. आमच्याकडे कांदे पिकायचे म्हणून कांदा. मोटारी काही थांबल्या नाहीत. मग एवढ्या पोकळीचं करायचं काय, म्हणून कुणीतरी आत खुर्च्या मांडल्या आणि वुराबी नाट्यमंडळ उभं राहिलं.

कांद्याला सरळ भिंत नसते, त्यामुळे त्याचं दार कधी धड बसलंच नाही. ते आत उघडतं आणि त्याचं तोंड उत्तरेला आहे. जानेवारीत, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यात, उत्तरेचं तापलेलं वारं सुटलं की ते सताड उघडतं आणि लाल धुळीचा लोट थेट नायिकेच्या अंगावर जातो. कडी घालावी, तर आगीचा नियम आडवा येतो: खेळ चालू असताना कडी नाही. वीट लावावी, तर विटेला अडखळून कुणी पडल्यास जबाबदार कोण, हे ठरवायला नेमलेली उपसमिती अजून बसते आहे. तोवर मंडळाचा अध्यक्ष दार धरतो. बाहेर उभं राहून, मूठ दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून, पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत.

क्लेम पास्को हा असा अध्यक्ष. पंपदुरुस्तीतून निवृत्त झालेला, लांबोडक्या हाडांचा, बोलायला लागायच्या आधी बराच वेळ घेणारा माणूस. अध्यक्ष व्हायचं त्याच्या सात पिढ्यांच्या मनात नव्हतं. पण आमच्याकडची रीत अशी की वार्षिक सभेला जो गैरहजर, तो अध्यक्ष. हजर माणूस जागेवरून "मला नको" म्हणू शकतो, गैरहजराला ती सोय नाही. क्लेमच्या कुत्र्याला नेमका सभेच्या दिवशी साप चावला. त्याला डॉक्टरकडे नेऊन क्लेम परत येईपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या. कुत्रा वाचला, क्लेम अडकला. आधीचा अध्यक्ष फर्गस डेव्हलिन त्या संध्याकाळी त्याच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला होता. क्लेमला वाटलं, सहानुभूती असेल.

तेव्हापासून वुराबीत सभा चुकवायची कुणाची छाती झाली नाही, आणि कुणीच गैरहजर नसेल तर जुनाच अध्यक्ष पुढे चालतो. माणसं प्लास्टरमधला पाय घेऊन येतात. एकजण स्वतःच्या मुलीच्या लग्नातून उठून आला, हजेरी लावून परत गेला. अधूनमधून खजिनदारही असाच निवडला जातो. मागे ॲल्बी क्रूझ निवडून आला तेव्हा त्याला जाऊन आठवडा झाला होता. पुढच्या वर्षीही तो आला नाही, म्हणून पुन्हा त्यालाच निवडला. त्याच्याइतका कमी कटकटीचा खजिनदार मंडळाला नंतर मिळाला नाही.

क्लेमची तक्रार उन्हाची नव्हती, माश्यांची नव्हती. मेव्हिसची होती. मेव्हिस ही त्याची बायको, आणि मंडळाची हुकमी नटी. स्वयंपाकीण, धर्मगुरूची आगाऊ बहीण, दोन वेळा प्रेत, सगळं तिने केलं. आणि इतक्या वर्षांत क्लेमने तिला रंगमंचावर एकदाही पाहिलं नव्हतं. रंगीत तालीम असली तरी दार त्यालाच धरावं लागे. फायबरग्लासला कान लावून तो तिची वाक्यं ऐकायचा. तीसुद्धा त्याला पाठ व्हायची. पण दर नाटकात, मग ते कुठलंही असो, एक जागा अशी यायची की आत सगळं गप्प व्हायचं. कुणी काही बोलत नसे. आणि मग एकदम कांदा गदगदून हसायचा, इतका की दाराची मूठ त्याच्या हातात थरथरायची.

"काय केलंस गं तिथे?" तो घरी जाताना विचारायचा.

"सांगता येत नाही रे. बघायला हवं."

"मग दाखव ना आत्ता."

"गाडी चालव, कांगारू येईल आडवा."

या वर्षी मेव्हिसने जाहीर केलं की हे शेवटचं. गुडघे पुरे म्हणताहेत. क्लेमने मनाशी हिशेब केला. म्हणजे आता काहीही करून या सभेत अध्यक्षपद उतरवायचं, नाहीतर ती जागा जन्मभर दारापलीकडेच राहणार. त्याने हातपाय मारून पाहिले. दोघातिघांना सभा रविवारी आहे असं खोटंच सांगितलं. ते शनिवारीही येणार म्हणाले, रविवारीही.

सभा आणि नाटक एकाच शनिवारी असतात, आणि सकाळी बाग पाहण्याचा कार्यक्रम. बाग आमच्या चिटणीस ग्लेनिस हॅकेटची. उन्हाळ्यात नळाचं पाणी झाडांना घालायला बंदी, त्यामुळे बागेत तशी बाग नसते. ग्लेनिस मोठी गवती टोपी घालून पाहुण्यांना फिरवते. "इथे हायड्रेंजिया होती," ती कोरड्या आळ्याकडे बोट दाखवून म्हणते, "निळी." लोक माना डोलावतात. "आणि हा गुलाब. होता." एक बाई दरवर्षी त्या जागेचा फोटो काढते.

हिंडून झाल्यावर निलगिरीच्या सावलीत चहा, काकडीचे सँडविच आणि खोबऱ्यात घोळवलेले चौकोनी केक मांडले गेले, आणि ग्लेनिसने हजेरी घ्यायला सुरुवात केली. माणसं तोंडातला घास न गिळताच "हजर!" ओरडत होती. नोरा डेव्हलिन, फर्गसची बायको, मांडीवर बिस्किटांचा डबा घेऊन बसली होती. फर्गस गेल्या हिवाळ्यातच वारला.

"फर्गस डेव्हलिन," ग्लेनिसने सवयीने पुकारलं आणि जीभ चावली.

"हजर," नोरा म्हणाली आणि फर्गसची राख ठेवलेल्या त्या डब्यावर टिचकी मारली. "ॲल्बीसारखं करू नका माझ्या माणसाचं. त्याने पुष्कळ वर्षं दार धरलंय."

ग्लेनिसने डब्याकडे पाहिलं, मग हजर मांडलं. क्लेमची उरलीसुरली आशा त्या डब्याबरोबर मिटली.

"मेव्हिस पास्को."

क्लेमने बाजूला पाहिलं. खुर्ची रिकामी. आणि मग सगळ्यांच्या माना एकदमच कुंपणाकडे वळल्या. कुंपणापलीकडे, रस्त्यावर, स्वतःची घडीची खुर्ची टाकून मेव्हिस लोकर विणत बसली होती. तिने सगळ्यांना हात केला.

"मेव्हिस, आत ये!" ग्लेनिस ओरडली.

"नाही येत."

"अगं फाटक उघडंच आहे!"

"दिसतंय मला. छान रंग दिलाय."

आता मात्र सगळ्यांची पाचावर धारण बसली. कुंपणाच्या आत असेल तो हजर, हा नियम. मेव्हिस बाहेर राहिली तर ती अध्यक्ष. अध्यक्ष झाली तर ती दार धरणार. ती दार धरणार तर आज संध्याकाळी स्वयंपाकिणीचं काम करणार कोण? दिग्दर्शकाच्या हातातला केक खाली पडला. लोकांनी तिच्या विनवण्या केल्या. कुणी बशीत केक घालून कुंपणावरून पुढे केला आणि दोन पावलं मागे सरकला, ती केकसाठी तरी आत येईल म्हणून. मेव्हिसने तेवढ्यापुरतं वाकून केक घेतला आणि पुन्हा टाके घालायला लागली.

क्लेम फाटकाशी गेला. विजार वर ओढून, कान खाजवत थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मेव्ह, हा काय येडेपणा? मला तुझं नाटक बघायचंय. तूच दाराशी उभी राहिलीस तर मी आत बसून बघू काय, डोंबल?"

"इतकी वर्षं तुझं ऐकलं ना मी?"

"कधी ऐकलंस?"

"तेही खरंच," मेव्हिस म्हणाली. "मग आता कशाला सुरू करू? जा, बस जाऊन."

ग्लेनिसने घसा साफ केला. नियम तो नियम. मेव्हिस पास्को एकमताने अध्यक्ष झाली. टाळ्या वाजल्या, पण कुणाला हसू आलं नाही. लोक क्लेमचं अभिनंदन करायला आले तेव्हा तो बावळटासारखा उभा होता. इतकी वर्षं मागून जे मिळालं, ते असं मिळालं होतं की त्यापेक्षा न मिळतं तर बरं.

संध्याकाळी वारं सुटलं. धूळ उडायला लागली, आणि सगळं गाव कांद्यात शिरलं. क्लेमला दाराच्या आत पाऊल टाकताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. त्याने अगदी शेवटच्या रांगेतली, दाराला लागून असलेली खुर्ची धरली. पुढे बसायचा धीर होईना. मागून मेव्हिस आली, स्वयंपाकिणीचा एप्रन बांधून. तिने आत येऊन दार लोटलं, आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

"अगं, बाहेरून!" ग्लेनिस रांगांमधून धावत आली. "अध्यक्ष बाहेरून धरतो."

"का?"

"का म्हणजे? बाहेरून ओढून धरायचं असतं."

"आतून टेकलं तरी मिटतंय की. बघ ना." मेव्हिसने पाठ थोडी दाबली. दार मिटलेलंच होतं.

ग्लेनिसने दिग्दर्शकाकडे पाहिलं, दिग्दर्शकाने छताकडे. वीट-उपसमितीचे दोघे एकमेकांत कुजबुजले. शेवटी नोरा डेव्हलिन उठली, डबा काखेत घेऊन.

"फर्गस बाहेर उभा राहायचा," ती म्हणाली, "कारण त्याला पाइप ओढायचा असायचा. आत मी ओढू देत नव्हते."

सगळे क्लेमकडे बघायला लागले. क्लेमने आयुष्यात पाइप ओढला नव्हता. बाहेर तो धूळ खात, माश्या गिळत, कान चिकटवून उभा राहिला, आणि आत, दाराच्या या अंगाला, टेकायला एवढी जागा रिकामी होती. त्याला भयंकर राग आला. फर्गसवर काढावा तर तो डब्यात.

"आता सुरू करायचं का?" मेव्हिस म्हणाली. "मी इथूनच करते."

दिग्दर्शकाने हात जोडले. मग साठेक माणसं उठली, आणि खुर्च्या फिरवायचा जो गोंधळ झाला तो सांगायला नको. सगळ्यांची पाठ रंगमंचाला आणि तोंड दाराला. शेवटची रांग पहिली झाली. कुणाला दिसू नये म्हणून मागे लपलेला क्लेम आता सगळ्यांच्या पुढे होता, बायकोपासून हातभर अंतरावर.

नाटक एका सरदारणीच्या हरवलेल्या हाराचं होतं. बाकीचे नट रंगमंचावरून उतरून, खुर्च्यांमधून वाट काढत स्वयंपाकिणीला भेटायला दाराशी येत होते. सरदारणीला स्वतःच्याच स्वयंपाकिणीकडे खेटे घालावे लागले, आणि ते मूळ नाटकापेक्षा बरं दिसत होतं. क्लेमचे ओठ तिच्या वाक्यांबरोबर हलत होते. मग सरदारणीने विचारलं, "बाई, तू हार पाहिलास का?" आणि क्लेमला कळलं, ती जागा आली. याच्या पुढे काही ऐकू येत नाही.

मेव्हिस काही बोलली नाही. तिने एप्रनखालून नसलेली विजार वर ओढली. उजव्या हाताचं बोट कानामागे नेलं आणि सावकाश खाजवलं. तोंड उघडलं, मिटलं. मग पाऊस पडेल का याचा अंदाज घ्यावा तसं छताकडे पाहत राहिली, बराच वेळ, जसं काही उत्तर वरून कुणी टाकणार आहे. आणि मान हलवून पुन्हा कानामागे बोट.

कांदा गदगदून हसला.

"दरवर्षी तुम्हाला करते हो," नोरा मागून त्याच्या कानाशी म्हणाली, डोळे पुसत. "आम्ही त्याचसाठी येतो."

क्लेमचे कान लाल झाले. म्हणजे इतकी वर्षं सगळं गाव त्याला हसत होतं. क्षणभर त्याला उठून जावंसं वाटलं. पण मेव्हिस छताकडून नजर काढून त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती, धाकधूक होती, आवडलं की नाही याची. तेव्हा त्याला समजलं. ज्या कांद्यात त्याला जाता येत नव्हतं, तिथे ती त्याला दरवर्षी घेऊन गेली होती. स्वयंपाकिणीत, धर्मगुरूच्या बहिणीत, आणि प्रेतातसुद्धा, ते कसं जमवलं देव जाणे. त्याला काहीतरी बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, वर पाहिलं. त्याचं बोट कधी कानामागे गेलं ते त्याला कळलंच नाही.

ते मेव्हिसने पाहिलं आणि सगळ्या गावाने पाहिलं. मेव्हिस भूमिका विसरून खाली वाकून हसायला लागली, तिची पाठ सुटली, दार धाडकन उघडलं आणि लाल धूळ सरदारणीच्या तोंडात गेली. हसण्याच्या भरात उठायचं कुणालाच सुचेना. क्लेम उठला. त्याने दार लोटलं आणि आतून पाठ लावली.

"जा तू वर," तो म्हणाला. "स्टेजवर जाऊन कर नीट."

"अरे, तू आता अध्यक्ष नाहीस."

"माहितीये. जा."

मेव्हिसने एप्रन झटकला आणि गुडघे सांभाळत रंगमंचाकडे निघाली. मग साठेक माणसं पुन्हा उठली, पुन्हा तोच गोंधळ करून खुर्च्या सरळ झाल्या. ग्लेनिस काहीतरी नियमाचं बोलत होती, तिला कुणीतरी खाली बसवलं. बाहेर वारं दार ढकलत होतं. क्लेम टाचा रोवून उभा होता, आणि पडदा पडेपर्यंत त्याने तिच्यावरची नजर काढली नाही.