डबीतला वायू

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी पुण्याहून बुलढाण्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो होतो. प्रयोगशाळेतला शिपाई नारळाच्या करवंट्यांचा कोळसा स्वतः करायचा आणि प्रत्येक तुकडा कानाशी धरून टिचकी मारायचा. कोळशाच्या बारीक छिद्रांत वायू साठतो, हे मी पुस्तकातलं सांगायचो. तो म्हणायचा, "आधी भाजून उपाशी ठेवा लागते त्याले, सर. भरल्या पोटी कोन पेते?"

तपासणीच्या दिवशी मी घाईत न भाजलेलाच कोळसा पाऱ्यावर उपड्या धरलेल्या अमोनियाच्या नळीत सोडला. नळीतला पारा जागचा हलेना. तपासणीला आलेल्या साहेबांच्या कपाळावर आठी पडली, तसा शिपाई पुढे झाला. "माही चूक हाय, सायेब. भाजाले मीच भुललो." मी गप्प राहिलो. त्याने दुसरा तुकडा भाजून दिला आणि पारा सरसर वर चढला.

माझी बदली झाली तेव्हा त्याने त्या दिवशीचा तोच तुकडा मेणाने बंद केलेल्या डबीत घालून दिला. "वायू आतच हाय, सर. शेकला का निंगते."

परवा, इतक्या वर्षांनी, तो तुकडा तव्यावर शेकला. डोळ्यांत पाणी आलं. अमोनियाने येतंच, असं मी बायकोला सांगितलं.